ठाण्यातला मुका साक्षीदार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. वऱ्हाडातला शेतकरी त्यात आणखी एका पायरीची भर घालतो. ती म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी. विहिरीवरची मोटार चोरीला जावो, धुऱ्यावरून भाऊबंदांत डोकी फुटोत, की संत्र्याचे पैसे बुडवून व्यापारी पसार होवो, माणूस आधी पोलीस पाटलाकडे जातो, मग सरपंचाकडे, मग कुणाची ओळख काढून एखाद्या पुढाऱ्याकडे. हे सगळे दरवाजे वाजवून झाले, की मग जड पायांनी ठाण्याकडे वळतो. आणि घरातल्या कुणाला पोलिसांनीच नेले असेल, तर घरच्या माणसांना रात्रभर झोप लागत नाही. आत काय चालले असेल, हा एकच घोर.

गेल्या काही वर्षांत ठाण्यांच्या भिंतींवर कॅमेरे लागले आहेत. शहरांत तर काही पोलिसांच्या छातीवरही लहानसा कॅमेरा दिसतो. परतवाड्याच्या बाजाराला मंडळी जमली आणि हा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतो, "कॅमेरा लावला म्हनते ठाण्यात. पन तो त्यायचाच ना? आमाले काय कामाचा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कॅमेरा पोलिसांचा, विजेचे बटण पोलिसांच्या हाताशी, चित्रण साठवणारी पेटीही पोलिसांच्याच खोलीत. मग गरिबाला त्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. पण तो आपोआप होत नाही. तो कसा होतो, एवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

काटा व्यापाऱ्याचा, आकडा दोघांचा

कापूस विकायला नेता तेव्हा काटा कुणाचा असतो? तुमचा नसतो. तरीही तुम्ही काट्याजवळ उभे राहून आकडा पाहता, आणि काटा पावती हाती पडल्याशिवाय गाडी हलवत नाही. काटा दुसऱ्याचा असला तरी आकडा पाहण्याचा हक्क तुमचा आहे, हे तुम्हाला ठाऊक असते. ज्याला ते ठाऊक नसते, त्याचा कापूस दर खेपेला काही किलोने कमी भरतो.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे तसेच आहे. तो सरकारी पैशाने, म्हणजे तुमच्याआमच्या पैशाने लागला आहे. त्याने काय पाहिले, हे सांगण्याची मागणी तुम्ही करू शकता. मागणी केलीच नाही, तर तो मुका साक्षीदार भिंतीवर तसाच राहतो आणि काही दिवसांनी जे पाहिले तेही विसरतो.

देसाईगंजची रात्र

असा साक्षीदार हवाच कशाला, असे कुणी विचारील. त्याला आपल्या विदर्भातलीच एक जुनी हकीकत सांगावी लागेल. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीला चौकशीसाठी बोलावले होते. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. चौकशी संपल्यावर बरोबरच्या नातेवाईकांना बाहेर पाठवण्यात आले आणि मुलीला आत ठेवून घेण्यात आले. ठाण्यातल्या दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे तिने सांगितले. खालच्या कोर्टाने दोघांना सोडले, नागपूरच्या खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने विरोध केला नसावा, असा तो विचार होता.

या निकालावर देशभर संताप उसळला. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या. शेवटी १९८३ मध्ये संसदेने कायदाच बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीने आपली संमती नव्हती असे कोर्टात सांगितले, तर कोर्टाने ते खरे धरून चालावे, असे ठरले.

वाचकहो, या प्रकरणाचे मूळ दुखणे ध्यानात घ्या. ठाण्याच्या आत काय झाले, हे सांगायला एका बाजूला एक गरीब मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूला खाकी वर्दी. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना आतले दिसत नव्हते. तिसरा डोळा कुठेच नव्हता. ज्याच्या शब्दाला गावात आधीच वजन नाही, त्यालाच अशा तिसऱ्या डोळ्याची गरज सर्वांत जास्त असते. बागायतदाराच्या पोराला ठाण्यात नेले, तर तासाभरात चार फोन येतात. मेळघाटातला कोरकू म्हातारा, ज्याला मराठी धड कळत नाही आणि जो दाखवाल तिथे अंगठा उठवतो, त्याच्यासाठी कोण फोन करणार? पारध्यांचेही तेच. इंग्रजांनी ज्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारध्यांची गणना केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आजही कुठे चोरी झाली, की पहिली शंका पारधी बेड्यावरच जाते.

कोर्टाने काय सांगितले

ठाण्याच्या आतल्या कारभाराला शिस्त लावण्याचे काम पुढे न्यायालयांनी हाती घेतले. त्याची सुरुवात एका पत्राने झाली. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी ११ नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा कागद जागेवरच तयार करून त्यावर साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. घरच्यांना कळवले पाहिजे. दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. असे ते नियम आहेत. यातले बरेचसे पुढे कायद्यातच आले.

मग कॅमेऱ्याची पाळी आली. मुंबईत वडाळ्याच्या रेल्वे पोलिसांनी धरलेल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राज्यातल्या ठाण्यांत कॅमेरे बसवा असे सांगितले. त्यानंतर २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी यांच्या खटल्यात सगळ्या देशासाठी तपशीलवार आदेश दिला. हा आदेश प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे, म्हणून त्यातल्या ठळक गोष्टी सांगतो.

प्रत्येक ठाण्यात आत येण्याची व बाहेर जाण्याची दारे, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, वऱ्हांडे, ठाणेदाराची व फौजदाराची खोली, ठाणे अंमलदाराची खोली, मागची बाजू आणि पुढचे आवार, एवढ्या ठिकाणी कॅमेरे हवेत. ते अंधारात पाहणारे हवेत आणि चित्राबरोबर आवाजही टिपणारे हवेत. चित्रण १८ महिने टिकले पाहिजे. तशी यंत्रे मिळत नसतील तर निदान वर्षभर. ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेतही फलक हवा. येथे कॅमेरे आहेत, हक्कांची पायमल्ली झाली तर अमुक ठिकाणी तक्रार करता येते आणि चित्रण राखून ठेवा असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, एवढे त्या फलकावर लिहिलेले हवे. पुढच्या वेळी ठाण्यात गेलात, तर हा फलक आहे का ते आधी पाहा.

आणखी एक गोष्ट खेड्यातल्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. कॅमेऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असावी असे या आदेशात आहे. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असतात. कॅमेरा बिघडला तर ठाणेदाराने या समितीला लगेच कळवायचे असते. इतकेच नव्हे, तर कॅमेरा बंद असताना कुणाला अटक झाली, कुणाची चौकशी झाली, हेही कळवायचे असते. म्हणजे "कॅमेरा बंद होता" एवढे सांगून सुटका होत नाही.

अर्थात कॅमेऱ्याला सगळेच दिसत नाही. शौचालयाच्या आत तो नसतो, आणि नसावाच. म्हणून स्त्रियांसाठीचे वेगळे नियम तितकेच महत्त्वाचे आहेत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला सहसा अटक करता येत नाही. आणि साक्षीसाठी, माहितीसाठी स्त्रियांना, १५ वर्षांखालच्या मुलांना व साठीपुढच्या माणसांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते.

साक्षीदाराची आठवण किती दिवस?

आदेश झाला, म्हणजे काम झाले असे समजू नका. आपल्या राज्याचेच पाहा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जी माहिती आली, तिच्याप्रमाणे राज्यातल्या १,०८९ ठाण्यांपैकी ५४७ ठाण्यांत कॅमेरे बसले होते, आणि बसलेल्यांपैकी काही बंद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला चालू कॅमेऱ्यांचा प्रश्न पुन्हा स्वतःहून हाती घ्यावा लागला.

कॅमेरा चालू असला तरी दुसरा धोका असतोच. जून २०२० मध्ये तामिळनाडूतल्या सातनकुलम गावी मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या बापलेकांना टाळेबंदीच्या काळात दुकान उघडे ठेवल्याच्या कारणावरून पोलिसांनी धरून नेले. ठाण्यात बेदम मारहाण झाली आणि दोघेही दगावले. ठाण्यात कॅमेरे होते. न्यायदंडाधिकारी चौकशीला गेले तेव्हा दिसले, की चित्रण साठवायला भरपूर जागा असूनही ते रोजच्या रोज आपोआप पुसले जाईल अशी मांडणी करून ठेवली होती. साक्षीदार होता, पण त्याची आठवण एका दिवसाची. त्या वेळी खरे काय ते सांगितले, ते त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदाराने. जिवावरची जोखीम घेऊन तिने साक्ष दिली. वर्दीतली सगळी माणसे सारखी नसतात, हेही यातून ध्यानात ठेवावे.

पोळ्याला सजवलेला बैल पाहून कुणी त्याची किंमत करीत नाही, औताला जुंपल्यावर करतो. भिंतीवर किती कॅमेरे टांगले आहेत, हे मोजण्यात अर्थ नाही. त्या दिवसाचे, त्या वेळेचे चित्रण शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

छातीवरचा कॅमेरा

आता पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचे पाहू. भिंतीवरचा कॅमेरा ठाण्यापुरता. हा पोलिसाबरोबर रस्त्यावर, बाजारात, शेतात येतो. इंग्लंडमध्ये प्लिमथ शहरात २००५-०६ च्या सुमारास त्याचे पहिले प्रयोग झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या रिआल्टो नावाच्या लहान शहरात २०१२ पासून वर्षभर नीट मोजून प्रयोग झाला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वाण तपासताना शेजारी शेजारी प्लॉट पाडतात, तसे तिथे पोलिसांच्या पाळ्यांचे दोन भाग केले. काही पाळ्यांत कॅमेरा, काहींत नाही. कॅमेऱ्याच्या पाळ्यांत पोलिसांनी बळ वापरण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही आदल्या वर्षाच्या मानाने फार घटल्या.

हे ऐकून सगळीकडे कॅमेऱ्यांची मागणी वाढली. मग राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर असाच प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. कॅमेरा घातलेले आणि न घातलेले, दोघांच्या वागण्यात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. एकच वाण एका रानात तरारते आणि दुसऱ्या रानात उठतच नाही, तेव्हा आपण रानाचा कस पाहतो, पाणी पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. तो केव्हा चालू करायचा, केव्हा बंद, चित्रण कोण पाहणार, चूक दिसली तर पुढे काय होणार, या गोष्टींवर सगळे अवलंबून असते.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनीआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला आणि त्यात त्याचा जीव गेला. तिथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. तरी पोलिसांचे पहिले पत्रक असेच निघाले, की त्या माणसाला प्रकृतीचा त्रास झाला आणि तो दवाखान्यात वारला. खरे काय झाले ते जगाला दिसले, ते रस्त्यावर उभ्या असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीने आपल्या मोबाइलवर टिपले म्हणून. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण लोकांपुढे यायला पुढे कितीतरी आठवडे लागले. २०२१ मध्ये त्या पोलिसाला खुनाची शिक्षा झाली.

आपल्या खिशातला कॅमेरा

मग आपणही ठाण्यात मोबाइल काढून चित्रण करावे काय? याबाबत आपल्या शेजारच्या वर्ध्याचे प्रकरण सांगण्यासारखे आहे. २०१८ मध्ये तिथला एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन ठाण्यात गेला होता. तो मोबाइलवर चित्रण करताना पोलिसांना दिसला आणि त्याच्यावर सरकारी गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. हेरांसाठी असलेला हा कायदा! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. जुलै २०२२ मध्ये खंडपीठाने गुन्हा रद्द केला. त्या कायद्यात ज्या जागांना मनाई आहे, त्यांत पोलीस ठाणे येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

या निकालाचा अर्थ ओढूनताणून घेऊ नका. पोलिसाच्या तोंडापुढे मोबाइल नाचवावा, त्याच्या कामात आडवे यावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. सरकारी कामात अडथळा आणणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो लागू शकतो. अत्याचार झालेल्या स्त्रीची वा लहान मुलाची ओळख उघड होईल असे चित्रण तर कधीच पसरवू नये. आणि काही टिपले असेल तर ते कापू नका, जोडू नका, त्यावर गाणे लावून गावभर पाठवू नका. ज्या मोबाइलवर टिपले तो मोबाइल जपून ठेवा. कोर्टात प्रमाणपत्रासह मूळ चित्रणाला किंमत असते.

घरझडती झाली तर

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे पोलीस घराची वा गोठ्याची झडती घेतील, काही वस्तू जप्त करतील, तर त्याचे आवाजासह चित्रण करणे त्यांना बंधनकारक आहे. जप्तीची यादी आणि तिच्यावरच्या पंचांच्या सह्यासुद्धा त्या चित्रणात आल्या पाहिजेत, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवले पाहिजे. म्हणजे छातीवर कॅमेरा नसला, तरी झडतीच्या वेळी पोलिसाच्या हातातला मोबाइलच कॅमेरा आहे.

तेव्हा झडतीला आले, तर हुज्जत घालू नका. नम्रपणे एवढेच विचारा, "साहेब, चित्रण चालू आहे ना?" झडतीच्या वेळी हजर राहा, यादीची प्रत मागून घ्या, आणि वेळ लिहून ठेवा. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका.

अर्ज कसा लिहावा

आता मुख्य गोष्ट. ठाण्यात काही अनुचित घडले असे वाटले, तर आपली माणसे काय करतात? आधी माणूस सोडवायची धावपळ, मग दवाखाना, मग "आता जाऊ द्या, पेरणी तोंडावर आहे." चारसहा महिन्यांनी, कधी वर्षाने, कुणीतरी वकील सांगतो की चित्रण मागवायला हवे होते. तोवर ते पुसले गेलेले असते. म्हणून चित्रणाची प्रत मागण्याआधी ते जतन करण्याचा अर्ज करा, आणि तो दुसऱ्याच दिवशी करा. वकील नसला तरी चालेल. घरातल्या शाळकरी पोरीकडूनही लिहून घेता येईल. मजकूर साधारण असा असावा :

"मा. पोलीस अधीक्षक, अमरावती (ग्रामीण) यांस. विषय : पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याबाबत. महोदय, माझा मुलगा (नाव, वय, गाव) यास दिनांक अमुक रोजी इतक्या वाजता अमुक पोलीस ठाण्यात नेण्यात आले. तो तेथे दिनांक अमुक रोजी इतक्या वाजेपर्यंत होता. या काळातील मुख्य फाटक, ठाणे अंमलदाराची खोली, वऱ्हांडा, कोठडी व अधिकाऱ्यांच्या खोल्या येथील आवाजासह चित्रण सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार जतन करून ठेवावे, ते नष्ट होऊ देऊ नये आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे. त्या काळात एखादा कॅमेरा बंद असल्यास तो केव्हापासून बंद होता व जिल्हा समितीस तसे कळवले होते काय, हेही कळवावे, ही विनंती."

खाली सही, पत्ता, तारीख. अकोल्याच्या वाचकांनी अर्थातच अकोल्याच्या अधीक्षकांना लिहावे. एक प्रत ठाणेदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. काटा पावती जपता, तशीच ही.

त्यानंतर माहितीच्या अधिकाराखाली प्रत मागण्याचा वेगळा अर्ज करावा. त्याची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस; जिवाचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येते.

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. मारहाण झाली असेल तर तिथेच, त्याच वेळी सांगायला हवे, आणि ठाण्याचे चित्रण मागवा अशी विनंतीही तिथेच करायला हवी. अटकेनंतर डॉक्टर तपासतात तेव्हा दुखापत लपवू नये; त्या तपासणीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो. अचलपूरला कोर्ट आहे, तिथे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतला माणूस, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. याखेरीज मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करता येते, तिला फी नाही. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे.

पोलिसांच्याही हिताचे

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, की हा लेख पोलिसांच्या विरुद्ध आहे. तसे मुळीच नाही. पहाटे चिखलदऱ्याच्या वाटेवर भरतीसाठी धावणारी पोरे कुणाची आहेत? आपलीच आहेत. कोरडवाहू शेतात भागत नाही म्हणून वर्दीकडे वळलेली शेतकऱ्याचीच लेकरे आहेत ती. उद्या त्यांच्यातल्या एखाद्यावर कुणी खोटा आळ घेतला, दारू पिऊन येऊन ठाण्यात धिंगाणा घातला आणि वर पोलिसानेच मारले असे सांगितले, तर त्याला वाचवणारा साक्षीदारही हाच. नीट काम करणाऱ्या ठाणेदाराला चालू कॅमेऱ्याचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट वरून कुणी पुढाऱ्याने "त्याला जरा दाखवा" म्हणून फोन केला, तर "साहेब, कॅमेरा चालू आहे" हे उत्तर त्याला देता येते.

गावानेही एक गोष्ट करावी. ग्रामसभेत एक साधा ठराव घ्या : आमच्या ठाण्यातले किती कॅमेरे चालू आहेत, किती बंद आहेत आणि चित्रण किती दिवस टिकते, हे जिल्हा समितीने कळवावे. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला पाठवा. यात कुणावर आरोप नाही, कुणाशी भांडण नाही. गावच्या रेशन दुकानात धान्य किती आले हे विचारतो, तसेच हे विचारायचे. एका गावाने विचारले तर पत्र फायलीत पडून राहील. तालुक्यातल्या वीस गावांनी विचारले, तर बंद कॅमेरा दुरुस्त करायला माणूस येईल.

वरचा अर्ज कातरून घरातल्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून द्या. देव करो आणि तो काढायची वेळ कुणावर न येवो. पण वेळ आलीच, तर रात्र उलटायच्या आत तो हाताशी लागला पाहिजे.